भावाचे तोंड दोनच बोटे उघडते. दंत महाविद्यालयातील संशोधनात त्याने सहभागी व्हावे का?

धानपट्ट्यातील गुरुजी (प्रश्न)

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा असून तो दहावीत असल्यापासून खर्रा खातो. आमच्या भागाबाहेरील वाचकांसाठी सांगतो की, बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की खर्रा होतो आणि आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारावे तितक्या सहज तो विचारला जातो. भाऊ दिवसाला चार-पाच खर्रे खात असे आणि त्यातला एक रात्री गालात तसाच ठेवून झोपत असे.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत त्याने वांग्याची भाजी बाजूला सारली, तेव्हा घरच्यांनी त्याची थट्टा केली. त्यानंतर हळूहळू तिखट सुटले, मग गरम चहा सुटला, आणि आता भाकरीचा घास दुमडून, दाबून आत सारावा लागतो. एवढे होईपर्यंत आम्ही गप्प बसलो, ही आमचीच चूक आहे. पहिल्या डॉक्टरांनी अक्कलदाढ अडली असे सांगून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी जबड्याचा सांधा जखडला असे सांगून शेकायला सांगितले. शेवटी नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात नेले असता तेथे त्याच्या वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधील अंतर मोजले, ते २२ मिलिमीटर भरले, आणि हा ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाच्या अस्तराखाली घट्ट तंतू वाढून तोंड आवळत जाण्याचा आजार आहे असे निदान झाले.

तेथेच त्याला एका संशोधनाविषयी सांगण्यात आले. त्यात एका गटाला तीन महिने गोळ्या आणि दुसऱ्या गटाला त्याच गोळ्यांबरोबर गालात इंजेक्शने दिली जाणार आहेत. कोण कोणत्या गटात जाईल हे रुग्णाने किंवा डॉक्टरांनी निवडायचे नाही. सहीसाठी चार पानांचा कागद दिला आहे आणि घरी वाचून या, असे सांगितले आहे. आईचे म्हणणे एकच आहे: "माझ्या पोरावर प्रयोग करू देणार नाही." मला जाणून घ्यायचे आहे की, पहिली दोन निदाने चुकली तसे हे तिसरेही चुकले असण्याची शक्यता किती आहे, या आजारावर खरोखर काही औषध आहे का, आणि असल्यास ते सरळ न देता असे गट कशासाठी पाडतात. तोंडातील तुकडा तपासणीसाठी काढला तर आजार भडकतो, असेही गावात बोलले जाते. त्यावरही कोणी लिहिल्यास उपकार होतील.

मुखशल्यचिकित्सक, वर्धा

गुरुजी, तोंड कमी उघडणे हे लक्षण आहे आणि त्यामागे अनेक आजार असू शकतात, त्यामुळे निदानाचा प्रश्न तुम्ही आधी घेतला हे योग्यच झाले. अक्कलदाढेभोवती पू झाला असेल तर तोंड दोन-चार दिवसांत बंद होते, ठणका लागतो आणि जबड्याच्या कोपऱ्याशी सूज दिसते. सांध्याचा विकार असेल तर कानापुढे दुखते, तोंड उघडताना आवाज येतो किंवा हनुवटी एका बाजूला सरकते. या सांध्याच्या विकारांसाठी संशोधकांनी १९९२ साली तपासणीचे प्रमाणित निकष ठरवले आणि २०१४ साली ते सुधारले. त्यांत रुग्णाने स्वतः उघडलेले तोंड आणि तपासणाऱ्याने बोटांनी हलकेच ताणून उघडलेले तोंड अशी दोन मापे घेतात. दुखण्यामुळे स्नायू आवळले असतील तर दुसरे माप पहिल्यापेक्षा बरेच वाढते. तुमच्या भावाच्या आजारात ते फारसे वाढत नाही, कारण गालाच्या अस्तराखाली दोरीसारखे पट्टे तयार झालेले असतात आणि तेच जबड्याला मागे धरून ठेवतात.

हे पट्टे बोटांना लागतात. गालाच्या आतून तर्जनी फिरवली की उभे ताणलेले तंतू जाणवतात, अस्तर गुलाबी न दिसता संगमरवरासारखे पांढुरके दिसते, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही, आणि आजार फार पुढे गेला असेल तर पडजीभ आक्रसून गाठीएवढी उरते. त्याला जोडून अनेक वर्षांचा खर्रा, तिखटाने होणारी आग आणि वर्षा-दोन वर्षांत हळूहळू कमी होत गेलेले तोंड, एवढी हकिगत असेल तर निदानासाठी फार यंत्रे लागत नाहीत. या तिसऱ्या निदानावर तुम्ही विश्वास ठेवावा, असे मी तुमच्या लिहिण्यावरून म्हणतो, आणि प्रत्यक्ष बोट फिरवून ज्यांनी ते केले त्यांचे मत माझ्यापेक्षा वरचढ मानावे. पहिल्या दोन डॉक्टरांनी गालात बोट घातले होते का, हे भावाला विचारून पाहा.

तुकडा काढण्याविषयी: या आजाराच्या प्रत्येक रुग्णाचा तुकडा काढावा लागत नाही. परंतु एखाद्या जागी न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा खरबरीत चट्टा अथवा गाठ असेल, तर तो काढलाच पाहिजे. तुकडा काढल्याने आजार भडकत नाही. आधीच वाढलेला कर्करोग तुकडा काढल्यावर अहवालात दिसतो आणि मग लोक दोष सुईला व सुरीला देतात. या गैरसमजापायी सहा-सहा महिने उशिरा आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

या आजाराचे वर्णन प्रथम १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जोशी यांनी आपल्याकडील रुग्णांवर लिहिले. त्या काळी तिखट खाणे, जीवनसत्त्वांचा अभाव अशी अनेक कारणे सुचवली जात. आता सुपारी हे मुख्य कारण म्हणून प्रस्थापित झाले आहे. सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य अस्तराखालील पेशींना कोलॅजनचे तंतू अधिक बनवायला लावते. सुपारीत तांबे भरपूर असते आणि ते तंतूंना एकमेकांशी पक्के बांधणाऱ्या विकराची (एन्झाइमची) क्रिया वाढवते. शिवाय सुपारीतील टॅनिनमुळे जुने तंतू विरघळण्याची नैसर्गिक क्रियाही मंदावते. तंतू जास्त बनतात, घट्ट विणले जातात आणि मोडत नाहीत, असा हा तिहेरी मार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षे मागोवा घेतला असता ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले. नंतरच्या एकत्रित पाहण्यांत हे प्रमाण काहीसे कमी दिसते, पण इतके कमी नाही की भावाची दर सहा महिन्यांची तपासणी टाळावी.

आता औषधाचे. खन्ना आणि आंद्रादे यांच्या १९९५ च्या वर्गीकरणात १५ ते २५ मिलिमीटर उघडणारे तोंड तिसऱ्या गटात मोडते. म्हणजे आजार मध्यम अवस्थेच्या पुढे गेला आहे, पण शस्त्रक्रियेखेरीज काहीच उरले नाही अशी अवस्था नाही. टोमॅटोला लाल रंग देणाऱ्या लायकोपिनची चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत ५८ रुग्ण होते. दोन महिन्यांच्या उपचारानंतर नुसत्या लायकोपिनच्या गटात तोंड सरासरी ३.४ मिलिमीटर, लायकोपिनबरोबर स्टेरॉइडची इंजेक्शने घेतलेल्या गटात ४.६ मिलिमीटर अधिक उघडले आणि औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत शून्य. पेंटॉक्सिफिलिन या रक्तप्रवाह सुधारणाऱ्या गोळीची चाचणी २००६ साली आली आणि तीत २९ रुग्ण होते. कॉक्रेन या संस्थेने २००८ साली जगभरातील चाचण्या चाळल्या तेव्हा तिच्या कसोटीला या दोनच उतरल्या, म्हणजे एकूण ८७ रुग्ण, आणि त्यांवरून खात्रीने काही सांगता येत नाही असा निष्कर्ष निघाला. ज्या आजाराने आमच्या बाह्यरुग्ण विभागातील बाक रोज भरलेले असतात, त्याविषयी जगाजवळ ८७ माणसांचा पुरावा होता, ही आम्हा विदर्भातील डॉक्टरांना लाजवणारी गोष्ट आहे. त्या आढाव्याची २०२४ साली नवी आवृत्ती आली, तीत चाचण्या तीसच्या घरात पोहोचल्या आहेत, मात्र पुराव्याची खात्री बहुतांश ठिकाणी कमी किंवा अतिशय कमीच ठरली.

इंजेक्शनांविषयी आमच्यातच मतभेद आहेत, हेही लपवू नये. बोरले यांच्या १९९१ सालच्या लेखात तीनशेहून अधिक रुग्णांच्या अनुभवावरून असे म्हटले होते की, इंजेक्शनांनी आधी बरे वाटते, पण वारंवार टोचण्याची इजा स्वतःच नवे तंतू वाढवू शकते. दुसरीकडे आजही बहुतेक ठिकाणी स्टेरॉइड आणि हायालुरोनिडेज (पेशींमधील घट्ट द्रव्य पातळ करणारे विकर) यांची इंजेक्शने दिली जातात आणि अनेकांना त्यांनी आराम पडतो. गोळीबरोबर इंजेक्शन द्यावे की देऊ नये हा तुमच्या भावाला विचारलेला प्रश्न म्हणूनच खरोखर अनिर्णित आहे, आणि जो प्रश्न अनिर्णित आहे त्यावरच चाचणी करणे योग्य असते. भावाला मधुमेह, क्षयरोग किंवा पोटाचा व्रण असल्यास ते आधी सांगा, कारण अशा रुग्णांत स्टेरॉइड जपून वापरावे लागते.

धानपट्ट्यातील गुरुजी

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. भावाला विचारले. पहिल्या दोघांनीही गालात बोट घातले नव्हते, बॅटरी लावून पाहिले होते.

एक गोष्ट अजून उमगत नाही. ज्या चाचणीत नुसती गोळी घेणाऱ्यांना ३.४ आणि इंजेक्शनसह ४.६ असा फरक पडला, तो फरक म्हणजे एका तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढाही नाही. त्यासाठी नागपूरला दर आठवड्याला जाणे, मजुरी बुडवणे हे कितपत योग्य आहे? आणि आईला चिठ्ठी टाकून गट ठरवण्याचे कसे समजावू?

नैतिकता समितीचा एक सदस्य, यवतमाळ

मी डॉक्टर नाही. व्यवसायाने वकील असून एका वैद्यकीय संस्थेच्या नैतिकता समितीवर काही वर्षे काम करतो. अशा समितीत डॉक्टरांबरोबर एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो, आणि आमचे काम रुग्णाच्या बाजूने शंका काढण्याचे असते. तुमच्या आईने जी शंका काढली तीच आम्ही प्रत्येक प्रस्तावावर काढतो.

चिठ्ठीचे कारण असे. समजा डॉक्टरांनी स्वतः निवड केली, तर ज्यांचे तोंड फार बंद आहे त्यांना ते आपुलकीपोटी इंजेक्शन देतील आणि ज्यांचे थोडेच बंद आहे त्यांना गोळी. तीन महिन्यांनी गोळीवाले बरे दिसतील, आणि गोळी श्रेष्ठ असा खोटा निष्कर्ष निघेल. दुसरे असे की, संशोधनात नाव घातले की रुग्णाला दर भेटीत खर्रा सोडायला सांगतात, तो बहुतेक वेळा कमी करतो, आणि खर्रा कमी केल्याने आग आपोआप उतरते. ही आग शून्य ते दहा अशा पट्टीवर मोजतात. तुलनेला दुसरा गट नसेल तर खडीसाखर वाटली तरी ती गुणकारी ठरेल. गोळीचे श्रेय किती आणि खर्रा सोडल्याचे किती, हे वेगळे करण्यासाठी दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे असावे लागतात. ते सारखे करण्याचा सर्वात प्रामाणिक मार्ग चिठ्ठी आहे. आईंना एवढे सांगा की, कोणते चांगले हे डॉक्टरांनाच ठाऊक नाही, ठाऊक असते तर आमच्या समितीने चिठ्ठी टाकू दिली नसती.

चिठ्ठी नेहमी माणसांचीच टाकतात असेही नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ पंचायतींची अशी विभागणी केली. सात पंचायतींत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरील लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली आणि सहा पंचायतींत नेहमीची व्यवस्था राहिली. २००५ साली निकाल आला की, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या पंचायतींत ३४ टक्क्यांनी कमी होते. चिठ्ठी टाकली नसती तर त्या पंचायती आधीपासूनच सुधारलेल्या होत्या, असे म्हणून कोणीही तो निकाल उडवून लावला असता.

तुमच्याजवळचा चार पानी कागद मराठीत आहे, हे गृहीत धरतो. इंग्रजीत असेल तर सही न करता परत द्या आणि मराठी प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यात तीन गोष्टी शोधा. पहिली, मध्येच बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत असे स्पष्ट लिहिले आहे का. दुसरी, संशोधनामुळे काही इजा झाली तर उपचार कोण करील. तिसरी, नैतिकता समितीच्या सचिवाचा संपर्क आणि सीटीआरआय असा उल्लेख असलेला नोंदणी क्रमांक. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही सरकारी नोंदवही २००७ पासून चालू आहे आणि तिच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातल्यास चाचणीत किती रुग्ण घेणार, किती दिवस पाहणार, काय मोजणार हे कोणालाही विनामूल्य वाचता येते. शिक्षक आहात, अर्ध्या तासाचे काम आहे. सही केलेल्या कागदाची एक प्रत घरी आणायला विसरू नका.

माझे एक गाऱ्हाणे मात्र आहे. आमच्यासमोर येणारे पुष्कळसे प्रस्ताव पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे असतात. रुग्ण तीस-चाळीस आणि मागोवा तीन महिन्यांचा. ज्या आजाराचा पट्टा घट्ट व्हायला दहा वर्षे लागली आणि ज्यातून कर्करोग पंधरा वर्षांनी डोके काढू शकतो, त्याचे तीन महिन्यांत काय दिसणार? त्यातही रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत अर्धे रुग्ण येत नाहीत, मग जे आले त्यांचीच सरासरी काढली जाते, आणि येणारे बहुधा बरे वाटत असलेलेच असतात. भावाने नाव दिलेच तर शेवटच्या भेटीला, बरे वाटो वा न वाटो, जरूर जावे. प्रवासखर्चाची तरतूद आहे का हेही विचारावे, ती अनेक प्रस्तावांत असते पण मागितल्याशिवाय सांगितली जात नाही. मिलिमीटरच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी भोगले त्यांनी द्यावे.

गोंदिया जिल्ह्यातील एक जुना खर्रेकरी

भोगणारा मी आहे, म्हणून लिहितो. वय ३८. माझे तोंड एके काळी १२ मिलिमीटर उघडत असे. म्हणजे करंगळीसुद्धा आडवीच जात असे. त्या दिवसांत दात घासण्यासाठी लहान मुलांचा ब्रश वापरत होतो आणि तोही मागच्या दाढांपर्यंत पोहोचत नसे, त्यामुळे दोन दाढा किडल्या आणि त्या काढण्यासाठी तोंड उघडत नसे.

गुरुजींनी तांदळाच्या दाण्याची उपमा दिली. २२ चे २५ झाले तर बाहेरच्याला काहीच दिसत नाही. खाणाऱ्याला मात्र तेवढ्यात चमचा सरळ आत जातो की तिरपा करावा लागतो एवढा फरक पडतो. तरीही एक सांगतो, तीन मिलिमीटरचा आनंद करताना कोणी, केव्हा मोजले ते पाहावे. सकाळी जबडा आखडलेला असताना एक माप येते, दहा वेळा उघडझाप केल्यावर दुसरे येते. माझ्या बाबतीत एकाच दिवशी दोन जणांनी मोजले तेव्हा दोन मिलिमीटरचा फरक आला होता.

मी एका खासगी दवाखान्यात वर्षभर इंजेक्शने घेतली आणि त्या वर्षभर खर्राही खाल्ला. तेथे मला खर्रा सोडला का, असे एकदाही विचारले गेले नाही आणि मीही सांगितले नाही. पैसे गेले, तोंड आणखी बंद झाले. शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. तोंड उघडत नसल्याने भूल देण्यासाठी जागेपणीच नाकातून दुर्बिणीची नळी घातली, तो अनुभव विसरणे शक्य नाही. पट्टे कापून, अक्कलदाढा काढून, नाकाच्या कडेपासून ओठापर्यंतची कातडी आत वळवून गालाच्या उघड्या जागी शिवली. चेहऱ्यावर दोन्ही बाजूंना व्रण आहेत. आणि जे आधी कोणी नीट सांगत नाही ते सांगतो: ती कातडी दाढीच्या जागेची असल्याने तोंडाच्या आत केस उगवतात.

शस्त्रक्रियेच्या मेजावर ३८ मिलिमीटर उघडलेले तोंड घरी तसेच राहत नाही. व्यायाम सोडला की पुन्हा आवळते. मला सहा महिने दिवसातून पाच-सहा वेळा स्क्रूचे जबडा-उघडणी यंत्र लावायला सांगितले होते. पहिला महिना डोळ्यांतून पाणी येत असे. यंत्र मिळण्याआधी मी आइसक्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दाढांमध्ये धरत असे आणि आठवड्याला जमल्यास एक काडी वाढवत असे. भावानेही आजपासून हेच सुरू करावे, त्यासाठी कोणाच्या गटात नाव लागण्याची वाट पाहू नये. काड्या पुढच्या दातांत कोंबू नयेत, दात हलतात. किती काड्या मावल्या ते दिनदर्शिकेवर लिहावे. आज माझे ३१ आहे आणि चार वर्षे खर्रा बंद आहे. पहिल्या वर्षात तीनदा पुन्हा सुरू केला होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

आशा कार्यकर्ती, नागभीड तालुका

गुरुजी, नमस्कार. वरील सर्वांनी औषध आणि शस्त्रक्रियेविषयी सविस्तर लिहिले आहे, मी फक्त गावपातळीवरचे दोन-तीन मुद्दे मांडते.

आम्ही घरोघरी जी तपासणी यादी भरतो तिच्यात तोंड उघडायला त्रास होतो का आणि तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा आहे का, असे प्रश्न आहेत. परंतु ही यादी ३० वर्षांवरील व्यक्तींची भरायची असते, आणि माझ्या गावात तिखट सोसत नाही असे सांगणारी मुले १८ ते २५ वयाची आहेत. तुमचा भाऊ २६ वर्षांचा, म्हणजे कोणत्याही आशाताईच्या यादीत तो आलाच नसता. मी अशा मुलांना यादीत बसत नाहीत म्हणून सोडून देत नाही, त्यांची तीन उभी बोटे तोंडात जातात का एवढे पाहते आणि जात नसतील तर ग्रामीण रुग्णालयातील दंतचिकित्सकांकडे चिठ्ठी देऊन पाठवते. ज्यांना लाज वाटते त्यांना मी बोटे आपल्याच घरी आरशासमोर घालून पाहायला सांगते.

दुसरे असे की, खर्रा सोडतो म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तंबाखू काढून नुसती सुपारी खातात आणि आपण सुटलो असे समजतात. डॉक्टरसाहेबांनी लिहिल्याप्रमाणे पट्टे सुपारीनेच होतात, त्यामुळे भाऊ गोड सुपारीवर आला असेल तर त्याने काहीच सोडलेले नाही. बायकांचेही लक्षात ठेवावे. रोवणीच्या बांधीवर बायकाही खर्रा खातात, पण तोंड उघडत नाही हे त्या नवऱ्याला सांगत नाहीत, मग दवाखाना कोठला?

महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैपासून गुटख्यावर बंदी आहे. गुटख्याची पाकिटे दिसेनाशी झाली, पण खर्रा ठेल्यावर समोर घोटून मिळतो, त्यामुळे बंदीचा धाक जाणवत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या मुक्तिपथ उपक्रमात गावांनीच ठराव करून दारू व खर्ऱ्याची विक्री बंद पाडण्याचे प्रयत्न झाले, तिकडच्या माझ्या मैत्रिणींकडून मी ऐकते की, ठेला दूर गेला की रोजचे खर्रे कमी होतात. भावाला एकट्याने सोडणे कठीण जात असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. पहिले दोन आठवडे चिडचिड फार होते, घरच्यांनी त्या दिवसांत त्याच्याशी वाद घालू नये आणि त्याच्यासमोर कोणी खर्रा घोटू नये.

धानपट्ट्यातील गुरुजी

सर्वांचा ऋणी आहे. शेवटची तीन वाक्ये वाचून दाखवली तेव्हा वडिलांनी आपली पन्नी खिशातून काढून कोनाड्यात ठेवली. फेकली नाही, ठेवली.

वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे कागद पुन्हा वाचला. तो मराठीतच आहे, बाहेर पडण्याची मुभा लिहिलेली आहे, नोंदणी क्रमांकही आहे. संकेतस्थळावर पाहिले तर दोन्ही गटांना तोंडाचा व्यायाम आणि व्यसनमुक्तीचा सल्ला समान दिला जाणार आहे आणि मागोवा सहा महिन्यांचा आहे. प्रवासखर्चाचा उल्लेख कोठेही नाही, तो विचारणार आहे. माप कोण घेणार आणि त्याला रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक असणार का, हेही विचारायचे ठरवले आहे.

भावाने अजून सही केलेली नाही. आईला चिठ्ठीचे पटले, पण इंजेक्शनाच्या गटात नाव लागले तर काय, हे तिचे पालुपद चालूच आहे. त्यावर भाऊच म्हणाला की, लागले तर घेईन आणि सोसले नाही तर कागदावर लिहिल्याप्रमाणे बाहेर पडेन. रोवणी पुढच्या आठवड्यात आटोपते, त्यानंतरच्या सोमवारी आम्ही नागपूरला जात आहोत. काल रात्री त्याच्या दाढांमध्ये अकरा काड्या मावल्या. आकडा दिनदर्शिकेवर लिहिला आहे.